तुती : एका आगंतुक वृक्षाचा महाराष्ट्रातील शब्देतिहास

१

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर कल्याणनंतरचे पहिले स्थानक शहाड हे होय. या स्थानकाच्या परिसरात उल्हासनगरच्या कॅम्प १ ची वस्ती आहे आणि तिच्या शेजारीच सेंच्युरी रेयॉन हा कृत्रिम रेशमाचा कारखाना उभा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराची छावणी होती व ती कल्याण कॅम्प या नावाने ओळखली जात असे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या छावणीच्या बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे पाच भाग मात्र आपापल्या क्रमांकांनीच ओळखले जात राहिले, आणि ‘कॅम्प’ हा तात्पुरत्या मुक्कामाचा वाचक शब्द कायमच्या वस्तीचे नाव होऊन बसला.

या एका स्थळी एका वृक्षाच्या इतिहासाचे तीन धागे एकत्र येतात, हे सहसा ध्यानात येत नाही. तो वृक्ष म्हणजे तुती. सिंधमधून आलेल्या लोकांच्या मायदेशात तो बागांतील व कालव्यांच्या काठचा परिचित वृक्ष होता. ज्यांच्या शेजारी ते येऊन राहिले त्या मराठी भाषकांजवळ त्या वृक्षाचे नाव होते, परंतु वृक्ष क्वचितच होता. आणि वस्तीलगत जो कारखाना निघाला त्याचा मालच असा, की ज्याला रेशीम म्हणावे पण ज्याच्या उत्पत्तीस तुतीचे पान लागू नये. वृक्ष, शब्द आणि वस्तू यांची अशी फारकत का व्हावी, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ व्युत्पत्तिशास्त्रात सापडत नाही. त्यासाठी आर्थिक इतिहासाकडेही वळावे लागते.

२

प्रथम वृक्षाचा परिचय करून घेणे इष्ट होईल. लिनीयस याने १७५३ साली मोरस या प्रजातीत ज्या जाती नोंदविल्या त्यांत पांढरी तुती, काळी तुती आणि तांबडी तुती या तीन प्रमुख होत. पांढरी तुती मूळची चीनच्या समशीतोष्ण अरण्यांतील, काळीचे मूळ पश्चिम आशियात, आणि तांबडी उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील पानझडी वनांतील होय. वसंतात झाडास लोंबत्या मंजऱ्या येतात व त्यांची पुढे पांढरी, तांबूस वा जांभळी रसाळ फळे बनतात. सामान्य व्यवहारात या फळांची गणना मृदुफळांत होत असली, तरी शास्त्रतः तुतीचे फळ एका फुलाचे नसून संपूर्ण मंजरीचे असते. अनेक लहान फुलांची दले मांसल होऊन एकमेकांस चिकटतात व एकच फळ झाल्याचा भास होतो. दाट सावली, पसरट माथा आणि फळांचा बहर यांमुळे युरोपात, इराणात आणि वायव्य भारतात हा वृक्ष उद्यानांची व रस्त्यांची शोभा म्हणूनही लावला गेला.

ज्या कुलात तुती मोडते त्याचे लॅटिन नाव मोरेसी हे तुतीवरूनच पडलेले आहे. मराठी वनस्पतिशास्त्रीय लेखनात मात्र त्याच कुलास वट कुल म्हणतात. हा भेद निव्वळ परिभाषेचा नाही. युरोपीय शास्त्रज्ञाला या कुलाचा प्रतिनिधी म्हणून तुती आठवली, कारण ती त्याच्या अंगणात होती. मराठी लेखकाला वड आठवला. वड, पिंपळ, उंबर आणि फणस हे सर्व तुतीचे सगोत्र होत. महाराष्ट्राच्या धार्मिक व लौकिक जीवनात या चौघांना जे स्थान आहे ते सांगावयास नकोच. वटसावित्रीचे व्रत, पिंपळाचा पार, दत्तसंप्रदायातील औदुंबर, कोकणातील फणस यांची साक्ष पुरेशी आहे. ग्रामनामे पाहिली तरी वडगाव, पिंपळगाव, पिंपरी, उंबरखेड, फणसगाव अशी नावे महाराष्ट्रभर विखुरलेली दिसतात. खुद्द कल्याणजवळ उंबर्डे आहे. तुतीवरून पडलेले ग्रामनाम, तुतीची म्हण, तुतीचे व्रत मराठीत रूढ झालेले दिसत नाही. काश्मीरची स्थिती याहून भिन्न आहे. काश्मिरीत तुतीला ‘तुल’ म्हणतात, आणि खीरभवानीच्या सुप्रसिद्ध क्षेत्राचे तुलमुल हे नाव त्या शब्दाशी जोडले जाते. ओव्हिडच्या काव्यातील पिरॅमस व थिस्बी यांच्या कथेत तुतीची पांढरी फळे प्रेमिकांच्या रक्ताने काळवंडतात. थोडक्यात, जेथे हा वृक्ष रुजला तेथे त्याच्याभोवती नावे आणि कथा यांचाही संभार जमला. महाराष्ट्रात तो जमला नाही.

३

आता शब्दाकडे वळू. फारसी व अरबीतील ‘तूत’ हा शब्द पश्चिम आणि मध्य आशियात दूरवर पसरलेला आहे. तुर्कीत तो ‘दुत’ होतो, उझबेकीत ‘तुत’, आर्मेनियनमध्ये ‘थुथ’, आणि रशियनमध्येही तो पोहोचलेला आहे. संस्कृत कोशांत ‘तूद’ आणि ‘तूल’ ही रूपे आढळतात. अमरकोशात ती ब्रह्मदारु, क्रमुक इत्यादी पर्यायांच्या सोबतीने येतात. संस्कृत रूप इराणी शाखेतून आले की उलट प्रवास घडला, याविषयी मतभेदास जागा आहे. मराठीपुरते बोलावयाचे तर आजचा शब्द संस्कृतातील ‘तूद’ वा ‘तूल’ यांच्यापासून प्राकृतमार्गे उतरलेला दिसत नाही. तसा उतरला असता तर दोन स्वरांमधील दकार व लकार यांचा जो विकास अपेक्षित आहे तो त्यात दिसला असता, ‘त’ टिकला नसता. तेव्हा मराठीतील शब्द फारसीतून, बहुधा दख्खनी व हिंदुस्थानीच्या द्वारे, आला असे मानणे सयुक्तिक ठरते.

आगंतुक शब्दाला प्रत्येक भाषा आपल्या व्याकरणाचा पोशाख चढविते. सिंधी नामे स्वरान्त असतात, म्हणून ‘तूत’ हा शब्द सिंधीत ‘तूतु’ असा ह्रस्व उकारान्त व पुल्लिंगी होतो; ‘किताब’चे ‘किताबु’ होते त्यातलाच हा प्रकार. मराठीने त्यास दीर्घ ईकार जोडून स्त्रीलिंगी ‘तुती’ केली. या ईकाराचा अर्थ काय? मराठीत मेंदी, शेवंती, ज्वारी, बाजरी अशी लावणीच्या झाडांची व पिकांची ईकारान्त स्त्रीलिंगी नामे विपुल आहेत. त्यांत ‘कापूस’ आणि ‘कपाशी’ ही जोडी विशेष बोलकी आहे. कापूस हा जिन्नस, तर कपाशी हे शेतातील पीक. त्याच धर्तीवर ‘तूत’ हे फळ आणि ‘तुती’ ही लावावयाची वनस्पती, असा भेद एखाद्या काळी मनात असावा, असा तर्क करता येतो. तो ग्राह्य मानल्यास असे म्हणावे लागेल, की मराठीने या शब्दाला प्रारंभापासूनच वृक्षांच्या नव्हे तर लागवडीच्या वर्गात बसविले. वड, पिंपळ, उंबर ही पुल्लिंगी वा नपुंसकलिंगी वृक्षनामे एका बाजूस आणि तुती दुसऱ्या बाजूस, अशी ही वाटणी झाली.

तथापि उसना शब्द म्हणजे उपरी वस्तू, असे सरसकट समीकरण मांडणे धोक्याचे आहे. बंगालीतही तुतीला ‘तूँत’ हाच उसना शब्द आहे. आणि बंगालमध्ये तर तुतीची शेती शतकानुशतके चालत आली. भेद आहे तो शब्दाच्या परिवारात. बंगालीत रेशमाच्या किड्याला ‘पोलू’ हे स्वतंत्र नाव आहे आणि तो पाळणाऱ्या शेतकऱ्यालाही त्यावरून नाव मिळाले आहे. कन्नडमध्ये तर तुतीला ‘हिप्पुनेरळे’ हा देशी समास घडला. त्यातील ‘नेरळे’ म्हणजे जांभूळ. फळाचे साम्य पाहून कन्नड शेतकऱ्याने नव्या झाडाला घरच्या झाडाच्या नात्यात घेतले. म्हणजे एखाद्या वस्तूचे समाजातील स्थान ठरविताना एकट्या शब्दाच्या उगमावर विसंबून चालत नाही. त्या शब्दाभोवती किती शब्द उभे राहिले हे मोजावे लागते.

४

ही कसोटी मराठीला लावली असता एक विलक्षण चित्र दिसते. रेशमाच्या वापराविषयीची मराठी शब्दसंपदा अत्यंत समृद्ध आहे. पीतांबर, पैठणी, मुकटा, कद, पाट, लड, रेशीमगाठ, पटवेकरी हे शब्द घराघरांतले आहेत. रेशीम सोवळ्यात चालते, म्हणून देवघराशीही त्याचा संबंध आहे. पैठण, येवला आणि पुणे येथील विणकरांचा लौकिक होता. परंतु या विणकरांना लागणारे कच्चे रेशीम बाहेरून येत असे. एकोणिसाव्या शतकात चीन व बंगालचा माल मुंबईच्या बाजारातून त्यांच्याकडे पोहोचे. धागा झाल्यानंतरचे शब्द मराठीत मुबलक आणि धागा होण्यापूर्वीचे विरळ, असे का, याचा उलगडा येथे होतो. मराठी माणसाची रेशमाशी गाठ पडली ती पेढीवर व मागावर. पानाशी आणि किड्याशी ती पडली नाही. जे वस्त्र सोवळे म्हणून नेसावयाचे त्यासाठी जिवंत कोष उकळत्या पाण्यात टाकावे लागतात, ही गोष्ट त्याच्या नजरेआड राहिली ती त्यामुळेच.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. विदर्भाच्या पूर्व भागात, भंडारा व गडचिरोलीच्या अरण्यांत, टसर रेशमाची परंपरा जुनी आहे. तेथील ढिवर समाजाची कुटुंबे ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरचे किडे वाढवितात, व आंधळगावसारख्या गावी त्या धाग्याचे कापड विणले जाते. या रेशमाला ‘कोसा’ म्हणतात. ‘कोसा’ आणि त्याचा भाऊबंद ‘कोसला’ हे शब्द संस्कृतातील ‘कोश’ या शब्दाशी निगडित असून ते सहज घडलेले तद्भव आहेत. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबरीचे नाव म्हणून ‘कोसला’ हा शब्द साऱ्या महाराष्ट्राला परिचित झाला. तेव्हा किड्याच्या घराला मराठीत अस्सल शब्द आहे, कारण ते घर येथील रानात टांगलेले दिसत असे. तुतीला तो नाही, कारण तिला येथे रान नव्हते. भाषेने या बाबतीत वस्तुस्थितीची नोंद चोख ठेवली आहे.

५

तुतीला महाराष्ट्रात रुजविण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात झाला. पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनचा मुलूख मुंबई सरकारच्या ताब्यात आला होता. कंपनीला बंगालमधील रेशमाच्या व्यापाराचा अनुभव होता. १७७० च्या सुमारास तिने तेथे इटालियन पद्धतीने धागा काढण्याची व्यवस्था सुरू केली होती. दख्खनमध्येही असेच काही साधेल, या अपेक्षेने पुण्याच्या परिसरात तुतीच्या लागवडीस उत्तेजन देण्यात आले. या कामाचा प्रमुख पुरस्कर्ता होता सिन्योर मुत्ती हा इटालियन गृहस्थ. त्याला सरकारचा आश्रय मिळाला, जमीन मिळाली, आणि दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी त्याने रेशीम उत्पादनाचे मार्गदर्शनही सिद्ध केले.

हा प्रयत्न त्या शतकाच्या मध्यापर्यंत मावळला. अपयशाची चर्चा करताना हवामानाकडे बोट दाखविणे सोपे असते, आणि दख्खनच्या उन्हाळ्यातील कोरड्या उष्णतेचा किड्यांना त्रास होतो हे खरेही आहे. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. कारण त्याच पठारावर, विशेषतः मराठवाड्यात, आज तुतीचे पीक यशस्वीपणे घेतले जाते. कारणे अन्यत्रही शोधली पाहिजेत.

पहिले कारण झाडाच्या रूपाशी संबद्ध आहे. मुत्ती हा युरोपीय रीतीप्रमाणे उंच वाढविलेल्या तुतीच्या वृक्षाचा कैवारी होता. इटलीत शेताच्या बांधावर तुतीचे वृक्ष उभे असत व त्यांची पाने वसंतात एकदा तोडून वर्षातील एक पीक घेतले जाई. बंगालची रीत निराळी होती. तेथे तुती झुडपासारखी, छाटून, दाट लावीत आणि वर्षातून अनेकदा पाला घेत. वृक्ष पाल्याला येण्यास काही वर्षे थांबावे लागते. झुडूप मात्र अल्पावधीत पाला देते. जो वृक्ष इटालियनाच्या मनात ठसला होता तो दख्खनच्या शेतकऱ्याच्या हिशेबात बसणारा नव्हता.

दुसरे कारण महसुलाचे आहे, आणि तेच अधिक मूलगामी होय. प्रिंगल याने पुणे जिल्ह्यात केलेली जमाबंदी १८३० च्या सुमारास अमलात आली व थोडक्याच काळात कोसळली. धान्याचे भाव उतरलेले, आकारणी जड आणि पिके अनिश्चित, अशा स्थितीत कित्येक शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्या मोजणीचे काम हाती घेतले ते १८३५ च्या सुमारास. तीस वर्षांच्या स्थिर आकारणीचे तत्त्व तेथून पुढे रूढ झाले. म्हणजे मुत्तीच्या तुतीचा काळ आणि दख्खनच्या महसुली अस्थिरतेचा काळ एकच होता. पुढील वर्षी आपल्या शेतावर सारा किती बसेल हे ज्याला ठाऊक नाही, त्याने अनेक वर्षांनी फळणारे झाड लावावे, ही अपेक्षाच अवास्तव होती. त्याने ज्वारी व बाजरी पेरणे पसंत केले, यात पुराणप्रियता पाहणे अन्यायाचे होईल.

तिसरे कारण श्रमाचे आहे. रेशमाचा किडा हा घरात पाळावयाचा जीव असून त्याला दिवसातून अनेकवार ताजा पाला घालावा लागतो, जागा स्वच्छ राखावी लागते आणि रोग ओळखता यावा लागतो. ही विद्या पुस्तकातून येत नाही. ती कुटुंबात मुरावी लागते. बंगाल व म्हैसूर येथे ती मुरली होती. म्हैसुरात टिपू सुलतानाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालहून किडे आणवून हा उद्योग वसविण्याचा यत्न केला, आणि पुढे तो शेतकरी कुटुंबांत टिकून राहिला. पुण्याभोवती मात्र तशी परंपरा निर्माण होण्यापूर्वीच सरकारचा उत्साह ओसरला.

याच दशकात अमेरिकेत जे घडले त्याच्याशी तुलना केल्यास पुण्याच्या प्रयोगाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. पेरोते या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२१ साली मनिलाहून तुतीचा एक जलद वाढणारा प्रकार युरोपात नेला होता. तो अमेरिकेत पोहोचताच त्याच्या कलमांची सट्टेबाजी सुरू झाली. लोकांनी पाल्यासाठी नव्हे, तर पुन्हा विकण्यासाठी रोपे विकत घेतली. आणि १८३९ साली बाजार कोसळला तेव्हा हजारो रोपे कवडीमोल झाली. अमेरिकेत तुतीला बाजाराच्या हव्यासाने आणले, पुण्यात सरकारच्या इच्छेने. दोन्हीकडे पाला तयार होता, पण किडा पाळणारे घर तयार नव्हते. १८७० नंतर पुण्यात कूसमेकर या लष्करी अधिकाऱ्याने रेशमाचे प्रयोग पुन्हा केले. परंतु त्याने तुतीऐवजी टसर निवडला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. तुतीचा नाद सोडून तो येथील रानातल्या किड्याकडे वळला.

६

रेशमाला तुतीपासून मुक्त करण्याचा विचार याच सुमारास युरोपात मूळ धरीत होता. १८५५ साली स्वित्झर्लंडमधील जॉर्ज ऑडेमार्स याने कृत्रिम धाग्याचे जे पेटंट घेतले त्यात तुतीच्याच सालीचा लगदा वापरला होता. सुईचे टोक त्या चिकट द्रवात बुडवून तो धागा ओढीत असे. किडा जर तुती खाऊन रेशीम करतो तर माणसाने थेट तुतीपासूनच रेशीम का करू नये, अशी ही विचारसरणी दिसते. पद्धत व्यवहारात टिकली नाही, परंतु कल्पना टिकली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात शार्दोने याने आपले कृत्रिम रेशीम मांडले, आणि १८९२ साली क्रॉस, बेव्हन व बीडल या इंग्रज रसायनज्ञांनी व्हिस्कोज प्रक्रियेचे पेटंट घेतले. शहाडच्या कारखान्यात जो धागा तयार होतो तो या व्हिस्कोज परंपरेतील होय.

येथे परिभाषेचा एक प्रमाद नोंदविणे अवश्य आहे. रेशीम हे प्रथिन आहे. व्हिस्कोज रेयॉन हे वनस्पतीच्या पेशीभित्तीतील सेल्युलोज होय; त्याचे खरे नाते कापसाशी आहे. तरीही चकाकीवरून त्यास ‘कृत्रिम रेशीम’ म्हटले गेले. भारतातील रेयॉन उद्योगाला आरंभी लागणारा लाकडाचा लगदा परदेशांहून आणावा लागे. तुती ज्या समशीतोष्ण पट्ट्यातून आली त्याच पट्ट्यातील वनांचे लाकूड जगाच्या रेयॉन उद्योगाने मोठ्या प्रमाणावर वापरले. तुती येथे झाड म्हणून रुजली नाही. तिचे नाव नसलेला आणि तिचे पान न लागलेला धागा मात्र उल्हास नदीच्या पाण्यावर निघू लागला.

७

महाराष्ट्रात तुती खऱ्या अर्थाने आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तीही वृक्ष म्हणून नव्हे. १९४८ च्या कायद्याने केंद्रीय रेशीम मंडळ अस्तित्वात आले; १९९७ साली महाराष्ट्रात स्वतंत्र रेशीम संचालनालय स्थापन होऊन त्याचे मुख्यालय नागपूर येथे झाले. म्हैसूरच्या संशोधन संस्थेने तयार केलेली व्ही-१ ही भरपूर पाला देणारी जात शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. रोजगार हमीच्या योजनेतून लागवडीस मजुरीचे साहाय्य मिळू लागले. २०१८ साली जालना येथे कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्यापूर्वी मराठवाड्यातील शेतकऱ्याला आपले कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे. मुत्तीच्या काळी ज्या तीन गोष्टींची उणीव होती, म्हणजे लवकर पाला देणारे झुडूप, भरवशाचे अर्थसाहाय्य आणि हाताशी आलेले ज्ञान, त्या आता लाभल्या. आणि बीड व जालन्याच्या कोरड्या भूमीतही तुती तरली.

या बदलाचे प्रतिबिंब भाषेत उमटलेले आहे. ‘तुती लागवड’, ‘तुती बाग’, ‘अंडीपुंज’, ‘चॉकी’, ‘कीटक संगोपनगृह’ ही शब्दावली आज मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या बोलण्यात आहे. तीत काही शब्द कार्यालयातून आले, काही कर्नाटकातून, आणि संगोपनगृहाला शेतकरी सरळ ‘शेड’ म्हणतो. जुना ‘कोसला’ या व्यवहारात मागे पडून संस्कृत ‘कोष’ पुढे आला. शब्दांचा परिवार आता जमू लागला आहे. मात्र त्यात फळाचा शब्द नाही, सावलीचा नाही, पाराचा नाही. कारण सतत छाटल्या जाणाऱ्या झुडपाला वृक्ष होण्यास आणि फळांनी लगडण्यास अवसरच मिळत नाही. तिसऱ्या विभागात ‘तुती’च्या ईकारावरून जो तर्क केला तो येथे वस्तुस्थितीने दृढ होतो. मराठीत तुती हे पीकच राहिले.

८

शेवटी पुन्हा कॅम्प १ कडे यावयाचे. स्थलांतर करणाऱ्या समाजाच्या भाषेत कोणते शब्द टिकतात आणि कोणते लोपतात, याविषयी एक निरीक्षण मांडले जाते. नात्यांचे, देवधर्माचे व स्वयंपाकाचे शब्द दीर्घकाळ टिकतात; वनस्पतींचे आणि शेतीचे शब्द लवकर क्षीण होतात, कारण त्यांना दाखवावयास समोर वस्तू नसते. सिंधीत शिसवाला ‘टाल्ही’, शमीला ‘कंडी’, झाऊला ‘लई’ आणि तुतीला ‘तूतु’ म्हणतात. उल्हासच्या खोऱ्यात ओल्या हवेचे, साग व ऐन यांचे रान आहे. सिंधूच्या काठची ही वृक्षसृष्टी येथे नाही. कॅम्पात जन्मलेल्या पिढीला ते शब्द मिळाले असतील तर ते वडिलांच्या बोलण्यातून, झाडाखाली खेळून नव्हे. १९६७ च्या घटनादुरुस्तीने सिंधीला आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. राज्य नसलेल्या या भाषेस तो आधार मोलाचा होता. परंतु परिशिष्टामुळे भाषेला मान्यता मिळते. झाडाचे नाव टिकविणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

मराठीपाशी दीर्घकाळ तुतीचा शब्द होता आणि झाड नव्हते, ही स्थिती वर दाखविली. कॅम्प १ मधील सिंधी भाषकांची स्थिती वरवर तशीच दिसते, परंतु तिच्यात एक करुण भेद आहे. मराठीत शब्दापूर्वी झाड नव्हतेच. तो बाजाराने आणलेला शब्द होता आणि झाडाची वाट पाहत थांबला. सिंधी भाषकाजवळ झाडही होते आणि शब्दही होता. त्यांपैकी झाड मागे राहिले. एका भाषेत जो शब्द आज नव्या अर्थाने वाढत आहे, तोच शेजारच्या भाषेत आठवणीच्या आधारावर उभा आहे. दोन्ही रूपे, ‘तुती’ आणि ‘तूतु’, एकाच उगमाची असून उल्हासनगरच्या रस्त्यावर एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर येतात, तरी त्यांच्या इतिहासाची दिशा परस्परविरुद्ध आहे.

यातून इतिहासाच्या व भाषेच्या अभ्यासकांसमोर एक निकडीचे काम उभे राहते. मुत्तीच्या प्रयोगाचा अभ्यास पाच-दहा वर्षे लांबला तरी बिघडणार नाही; कागद वाट पाहू शकतात. फाळणीच्या वेळी जी मुले दहा वर्षांची होती ती मात्र आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. सिंधमधील कोणत्या झाडाला काय म्हणत, त्याचे फळ कोणत्या ऋतूत पिके, त्याच्या लाकडाचे काय करीत, हे स्वतःच्या बालपणातून सांगू शकणारी ही अखेरची पिढी होय. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शब्दसंग्रहासाठी दूरच्या आदिवासी पाड्यांवर जावे, हे योग्यच आहे. परंतु लोकलने तासा-दीड तासाच्या अंतरावर असलेल्या या वस्तीत एक संपूर्ण वृक्षकोश वृद्धांच्या स्मृतीत पडून आहे, याचीही जाण ठेवली पाहिजे. तो संग्रहित झाला तर ‘तूतु’ हा शब्द निदान अभ्यासाच्या पानावर तरी राहील. न झाला तर उल्हासनगरमध्ये कॅम्प हे नाव राहील, आणि त्या कॅम्पात येताना माणसांनी सोबत कोणती झाडे मनात आणली होती, ते सांगणारे कोणी उरणार नाही.